दाबोळी व मोपा : दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ

बाहेरगावाहून देवदर्शनास येणारे महाजन, कुळावी व भाविक यांच्या सोयीसाठी ही माहिती देत आहोत. गोव्यात सध्या दोन विमानतळ आहेत. दोहोंच्या तिकिटांवर 'गोवा' हेच नाव असल्याने उतरण्याचे ठिकाण न पाहिल्यास वेळेचा सारा हिशेब चुकतो आणि आधी नोंदविलेल्या अभिषेकास पोहोचणे अशक्य होते.

पहिला विमानतळ दाबोळी येथे, मुरगाव तालुक्यात वास्को शहराजवळ आहे. पोर्तुगीज राजवटीत १९५० च्या दशकात बांधलेले हे विमानतळ पुढे नौदलाकडे आले. नागरी वाहतूक त्याच धावपट्टीवरून चालते. तिकिटावरील त्याचे चिन्ह 'जीओआय' असे आहे. दुसरा पेडणे तालुक्यातील मोपा पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमानांची ये-जा सुरू झाली. त्याचे चिन्ह 'जीओएक्स' आहे.

नकाशावर सरळ रेषेत मोजल्यास या दोहोंमध्ये सुमारे ४० किलोमीटर अंतर भरते. रस्त्याने मात्र ते ६० किलोमीटरांहून अधिक होते. दाबोळीहून निघालेल्या वाहनास कुठ्ठाळीपर्यंत पूर्वेकडे जाऊन मग उत्तरेकडे वळावे लागते. पुढे जुवारी, मांडवी व शापोरा या तीन नद्या ओलांडून पणजी, पर्वरी, म्हापसा, कोलवाळ व धारगळ या मार्गाने मोपा गाठावे लागते. मांडवीवरील अटल सेतू २०१९ मध्ये, तर जुवारीवरील नवा पूल डिसेंबर २०२२ व डिसेंबर २०२३ अशा दोन टप्प्यांत खुला झाला. त्यामुळे पुलांवरील पूर्वीचा खोळंबा पुष्कळ कमी झाला आहे. तरीही रस्ता मोकळा असल्यास दीड तास आणि पणजी-पर्वरी-म्हापसा भागात वाहनांची गर्दी असल्यास दोन तास वा त्याहून अधिक वेळ धरावा.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असल्यास सामान मिळण्यास अर्धा ते पाऊण तास, रस्त्यास दोन तास आणि देशांतर्गत उड्डाणापूर्वी विमानतळावर हजर राहण्यास दोन तास लागतात. म्हणून दोन विमानांमध्ये किमान पाच तासांचे अंतर ठेवावे. पावसाळ्यात व डिसेंबरअखेरच्या गर्दीत ते आणखी वाढवावे. शक्यतो अशी जोडणी टाळणेच हिताचे.

फोंडा तालुक्यातील मंगेशी, म्हार्दोळ, कवळे आदी देवस्थानांकडे जाणाऱ्यांना दाबोळी अधिक जवळ पडते. मोपाहून पणजी सुमारे ३५ किलोमीटर व तेथून मंगेशी आणखी सुमारे २० किलोमीटर आहे. उलट पेडणे व बार्देश तालुक्यांत, तसेच शेजारच्या सिंधुदुर्गात जाणाऱ्यांना मोपा सोयीचे आहे.

तिकीट काढताना विमानतळाचे चिन्ह पाहावे, तेच चिन्ह वाहनचालकास व घेण्यास येणाऱ्या नातेवाइकांस कळवावे. सकाळची सेवा असल्यास आदल्या दिवशीच मुक्कामास यावे. वृद्ध व लहान मुले सोबत असल्यास हे पथ्य अवश्य पाळावे, ही सर्वांस विनंती.