पटकथेच्या आधीचा अभ्यास

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अलिबागला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत तो म्हणाला, "मामा, मला सिनेमा लिहायचा आहे." घरात कोणी काही बोलेना. बँकेची परीक्षा, स्पर्धा परीक्षा ही उत्तरे आपल्या घरांतून तयार असतात. हे उत्तर नवीन होते. मी स्वतः मराठी घेऊन बी. ए. झालो, दोन एकांकिका लिहिल्या आणि काउंटरवर बसलो. त्यामुळे त्याला 'नको' म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. सदर लेख त्याच्यासाठी व त्याच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

पटकथा म्हणजे कथा नव्हे. पडद्यावर जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढेच तीत लिहायचे असते. 'तो मनातून खचला' हे कथेत चालते. पटकथेत तो काय करतो ते लिहावे लागते. ते लिहायचे तर माणूस जवळून पाहिलेला हवा. येथेच अभ्यास सुरू होतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे चैतन्य ताम्हाणे. जन्म १९८७, मुंबई. इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी. आरंभी त्यांनी मालिकांसाठी लेखन केले, मग माहितीपट, नाटक, लघुपट असे एकेक करीत ते पुढे गेले. 'कोर्ट' हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्या शाहिराला अटक होते, एवढीच गोष्ट. परंतु ती लिहिण्यासाठी ताम्हाणे खालच्या न्यायालयांत जाऊन बसले, वकिलांना भेटले, खटल्यांविषयी वाचत राहिले. सिनेमातली जोरदार भाषणे तेथे ऐकू आली नाहीत. कंटाळा, तारखा आणि पुटपुटणारी माणसे दिसली, आणि त्यांनी तेच लिहिले. सरकारी वकील बाई संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करतात. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचे प्रकरण न्यायाधीश ऐकत नाहीत. मृत कामगाराची पत्नी साक्षीत सांगते की, तो आधी गटारात खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर आले तरच आत हवा आहे असे समजून उतरायचा. असा तपशील खोलीत बसून सुचत नाही.

शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. गाणी संभाजी भगत यांची. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला दोन पारितोषिके मिळाली, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. त्यानंतरचा 'द डिसायपल' शास्त्रीय संगीतावरचा. तो यायला २०२० उजाडले, आणि व्हेनिसला त्याच्या पटकथेलाच पारितोषिक मिळाले. मध्ये सहा वर्षे गेली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

एक गोष्ट मात्र लपवू नये. 'कोर्ट' लिहीत असताना विवेक गोंबर या नट मित्राने ताम्हाणे यांच्या उदरनिर्वाहाची सोय केली आणि पुढे निर्मातेही तेच झाले. आपल्या मुलांना असा मित्र कोठून मिळणार? करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरला शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट करून पुढे आले, हेही खरे आहे. तरी भाच्याला मी स्पष्ट सांगितले की पदवी पूर्ण कर, पोटापाण्याचे पाहा आणि अभ्यास संध्याकाळी कर. ताई अजून नाराज आहे.

विषय शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्याचा दावा झाला. सत्याग्रह १९२७ चा. त्याच वर्षी डिसेंबरात सनातन्यांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब व सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, ठाण्याचे अपीलही फेटाळले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. सत्याग्रहाचा दिवस आपण सारे जाणतो. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या तारखा, साक्षी आणि प्रवास फारसे कोणी लिहिलेले नाहीत.

न्यायालयाचे कामकाज सहसा कोणालाही बसून पाहता येते. भाचा गेल्या महिन्यापासून कॉलेज सुटल्यावर अलिबागच्या कोर्टात मागच्या बाकावर बसतो. त्याची वही मी पाहिली. पहिल्या पानावर तीन तासांच्या चार ओळी होत्या. परवाच्या दिवसाची नोंद अकरा पानांची आहे, आणि तीत पट्टेवाल्याने पुकारा कसा केला ते त्याच्याच शब्दांत उतरवलेले आहे.