काचेच्या अलीकडचे शेजारी

लोहाऱ्याच्या एमआयडीसी रोडने गेलात तर मान वर करून बघावं असं काही फारसं दिसत नाही. शेड, पाण्याची टाकी आणि वर मोकळं आभाळ. आपल्यापैकी बहुतेकांनी काचेची उंच इमारत पहिल्यांदा बघितली ती सिनेमात, नाहीतर रीलमध्ये. खरं सांगा, बघताना मनात काय आलं? ‘बाप्पा, इथं नोकरी लागली पाहिजे!’ माझ्याही मनात तेच आलं होतं. त्या इमारतीच्या शेजारी कोण राहत असेल, हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढे मी त्या शेजाऱ्यांकडेच राहायला गेलो, म्हणून हा लेख.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, मुंबईत लोअर परळला. एप्रिल आणि मे. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली आणि दादरला उतरलो. ऑफिस अठराव्या मजल्यावर, नखशिखांत काचेच्या टॉवरमध्ये. पण स्टायपेंडमध्ये त्या टॉवरच्या पार्किंगमधली जागाही परवडली नसती. ओळखीतून एका चाळीत कॉट मिळाली. एक खोली, त्यात काका, काकू, त्यांचा मुलगा (मी त्याला दादा म्हणायचो) आणि आता मी. काका जुने गिरणी कामगार. गॅलरीत उभं राहिलं की बरोब्बर समोर माझं ऑफिस.

पहिल्याच रविवारी एक गंमत बघितली. गॅलरी पूर्वेकडे तोंड करून. म्हणजे दुपारनंतर तिथं सावली हवी ना? पण चारच्या सुमारास अख्खी गॅलरी उजळून निघाली. मावळतीकडचं ऊन टॉवरच्या काचेवर आदळून उलटं चाळीत येत होतं. काकूंनी लगेच पाट मांडला, पांढरं धोतर पसरलं आणि पोह्याचे पापड वाळत घातले. टॉवर व्हायच्या आधी वाळवण गच्चीवर न्यावं लागायचं, चार जिने चढून. आता ऊन घरपोच! त्याच काकू मे महिन्यात मात्र टॉवरच्या नावानं बोटं मोडायच्या. दुपारभर डोळे दिपायचे, खोलीची भट्टी व्हायची, दाराला जाड चादर बांधायला लागायची. आणि रात्री काका शांतपणे म्हणायचे, ‘पापड खाताना नाही गं लागत झळ.’

तुम्ही एखाद्या सर्व्हेचा फॉर्म घेऊन या घरी गेलात आणि ‘टॉवरच्या बाजूने की विरोधात?’ असं विचारलंत, तर काय टिक करणार?

काका त्या इमारतीला तिच्या नावाने कधीच हाक मारत नाहीत. ते म्हणतात ‘मिल’. पत्ताही तसाच सांगतात: मिलच्या गेटपासून डावीकडे. गेट कधीच गेलं. तिथं आता बूम बॅरियर आहे आणि आयडी कार्ड बघणारा सिक्युरिटीवाला. पण मधल्या काळात त्यांचे गावाकडचे पाहुणे आले, तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर काकांनीच सगळ्यांना गॅलरीत नेलं आणि झगमगणारे मजले मोजून दाखवले. स्वतः बांधल्यासारखे! मी बघतच राहिलो. दुपारी याच माणसाने मला सांगितलं होतं की या काचेखाली आमची हाडं गाडली आहेत.

त्यांच्या या दोन्ही बोलण्यांचं मूळ कळायला थोडं मागे जावं लागेल. आणि इथं आपण, म्हणजे यवतमाळवाले, आपोआप येतो. कारण या गिरण्या कापसावर उभ्या राहिल्या. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला काढली. नंतर परळ, लालबाग, वरळी असं सगळं गिरणगाव झालं. आणि इकडे आपल्याकडे शकुंतला रेल्वे कशासाठी टाकली होती? यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला मेन लाइनपर्यंत पोचवायला, तिथून मुंबईला. आपल्या आजोबांनी विकलेल्या गाठीतलं सूत काकांच्या साच्यावर चढलंच नसेल, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मिटला असं कोणी कधी अधिकृतपणे सांगितलंच नाही, तो विरत गेला. काकांची गिरणी पुन्हा सुरू झाली ती कुरकुरतच, आणि मग कायमची थांबली. जमीन मात्र थांबली नाही. गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला जास्त भाव आला. 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनी विकायला काढल्या. दादरची कोहिनूर मिल 421 कोटींना गेली, तिथं आज कोहिनूर स्क्वेअर आहे. ज्युपिटर मिलच्या जागी वन वर्ल्ड सेंटर आलं. श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड वन, उंची 280 मीटर. लोहाऱ्यातली पाण्याची टाकी एकीवर एक ठेवत किती लागतील, तुम्हीच हिशोब करा.

आता इथला एक नियम समजून घ्या, कारण काकांचा खरा राग काचेवर नाही, या नियमावर आहे. 1991 च्या विकास नियमावलीत ठरलं होतं की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होतील. एक महापालिकेला, मैदानं-बागांसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. एक मालकाला. साधं, कोणालाही पटेल असं. 2001 मध्ये त्यात दुरुस्ती झाली: वाटणी फक्त त्या जमिनीची, जी आधीपासून मोकळी होती. शेड पाडून मोकळी झालेली जमीन त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे सगळ्या शेडच की! मोकळी जागा असून असून किती असणार? साहजिकच मैदानाचा आणि घरांचा वाटा आक्रसला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2006 मध्ये ही दुरुस्ती कायम राहिली. आपल्यातले जे लॉ करतायत त्यांनी हा निकाल जरूर वाचावा. एका शब्दाचा अर्थ बदलला की शहराचं काय होतं, याचा इतका ठसठशीत नमुना सिलॅबसमध्ये सापडणार नाही.

गिरणी कामगारांना घरं मिळाली, नाही असं नाही. 2012 च्या लॉटरीत 6,925 घरं होती, 2020 मध्ये 3,894. प्रत्येक घर 225 चौरस फुटांचं. अर्ज दीड लाखाहून अधिक. काकांचा अर्ज एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, देवाच्या फोटोमागे. नंबर अजून लागलेला नाही. मधे शेलू-वांगणीकडच्या घरांची चर्चा निघाली, तर काकू म्हणाल्या, एवढ्या लांब जाऊन मी डबे कोणाला देऊ?

हो, काकूंचा डब्यांचा धंदा आहे. रोज चौदा डबे, त्यातले अकरा त्याच टॉवरमध्ये जातात. माझ्या टीमची मॅनेजर तिसऱ्या महिन्यापासून घरच्यासारखी भाजी मिळते म्हणून खूश आहे. ती भाजी समोरच्या गॅलरीतून येते, हे मी सांगेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं. दादा तिथंच एका कंपनीत बॅक ऑफिसला. पायी सात मिनिटं. मुंबईत ही चैन आहे, विचारा कोणालाही. त्याचं म्हणणं असं की बाबांची गिरणी गेली त्याला टॉवर जबाबदार नाही, आणि तो नसता तर मी आज डोंबिवलीहून लटकत आलो असतो. पण लग्न ठरतंय, वेगळी खोली हवी, आणि या टॉवर्समुळे आजूबाजूच्या भाड्यांनी असा उड्डाण घेतलं की तो शेवटी डोंबिवलीतच जागा बघतोय. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र अशी आहे जिच्यावर त्या घरात दोन मतं नाहीत. टॉवर आले, रोज हजारो लोक कामाला येऊ लागले, आणि स्टेशनचा पूल तोच राहिला. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळची गर्दी, अचानक पाऊस, आणि एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी. 23 माणसं गेली. त्यानंतर काही महिन्यांत लष्कराने नवा पूल बांधून दिला. स्टेशनचं नाव आता प्रभादेवी आहे. काकू अजून त्या बाजूने जिना चढताना पदर खोचून कठड्याला धरून चढतात.

काचेबद्दल थोडं. थंड देशात ऊन आत यावं म्हणून काच लावतात, हे समजू शकतो. आपल्याकडे तेच ऊन आत घ्यायचं आणि मग एसी लावून बाहेर हाकलायचं! लंडनमध्येही हे अंगाशी आलंय. 2013 साली फेंचर्च स्ट्रीटवरच्या एका नव्या टॉवरच्या आतल्या बाजूला वळलेल्या काचांनी ऊन असं एकवटलं की खाली उभ्या गाडीचे भाग वितळले. लंडनच्या उन्हात! यवतमाळच्या मे महिन्यात अशी इमारत उभी केली तर भर चौकात पापड तळता येतील. आणि कोणीतरी उभी करणारच, लिहून ठेवा. शोरूमच्या काचा आपल्याकडेही वाढतायतच.

लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल आहे. जुनी चिमणी तेवढी राखून ठेवली आहे, तिच्या आसपास लोक सेल्फी काढतात. तिथं एका दुकानात मी जीन्स हाताळत उभा होतो आणि एकदम आपलं लोहारा आठवलं. आपल्या एमआयडीसीत रेमंड युकोच्या कारखान्यात डेनिमच तर विणतात. म्हणजे मुंबईत साचे थांबले, पण आपल्याकडे अजून चालू आहेत. काकांना हे सांगितलं तर त्यांनी जेवण अर्धवट टाकून विचारलं: किती साचे? शिफ्टा किती? पगार वेळेवर होतो का? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मी त्या गेटसमोरून हजार वेळा गेलो असेन. तुम्हाला आली असती का उत्तरं?

इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात मी अठराव्या मजल्याच्या खिडकीतून चाळ शोधली. निळी ताडपत्री, तिच्याखाली गॅलरी, आणि गॅलरीत पांढरा ठिपका. संध्याकाळी काकूंना सांगितलं, तुमचे पापड दिसले वरून.

‘आणि मी?’

नाही दिसलात, म्हटलं.

‘बरं, उद्या लाल साडी नेसते. चार वाजता बघ.’

दुसऱ्या दिवशी चारला मीटिंगमधून उठून खिडकीशी गेलो. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून कोणीतरी सगळे पडदे खाली ओढून घेतले होते.