छातीच्या आजाराचा रोजमेळ

दुकानदार रोज रात्री गल्ला मोजतो आणि मगच फळ्या लावतो. तीन महिन्यांतून एकदा हिशेब पाहणाऱ्याचे दुकान किती दिवस चालेल, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगावयास नको. पण याच दुकानदाराला किंवा त्याच्या वृद्ध वालिदांना छातीचा जुना आजार असेल, तर त्याचा हिशेब मात्र दम पुरता कोंडल्यावरच डॉक्टरांपुढे मांडला जातो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वाचकांसाठी या वेळी हाच विषय घेत आहोत. धंद्याच्या पानावर आजारपण कशाला, असे कोणी म्हणेल. हा आजार पुष्कळदा धंद्यातूनच येतो आणि शेवटी माणसाला धंद्यातून उठवतो, म्हणून.

आपल्याकडे त्याला सरसकट दमा म्हणतात. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. खऱ्या दम्यात आवळलेल्या श्वासनळ्या औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. या आजारात त्या कायमच्या अरुंद होतात आणि गेलेली ताकद परत येत नाही. विडी-सिगारेट हे मोठे कारण खरे, पण ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही अशा स्त्रियांनाही चुलीच्या धुराने तो होतो. बेकरीची लाकडाची भट्टी, वेल्डिंगचा धूर, गादीवाल्याच्या कापसाची धूळ, सुताराचा भुसा, भातगिरणीतला कोंडा, ही आपली रोजची हवा. १९९० साली भारतात या आजाराचे २ कोटी ८१ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. २०१६ साली तो ५ कोटी ५३ लाखांवर गेला. निदान फुंकून करावयाच्या तपासणीने, म्हणजे स्पायरोमेट्रीने होते. ती न करता वर्षानुवर्षे खोकल्याच्या बाटल्या रिचवणारे लोक कमी नाहीत.

या रोगात माणूस रोज थोडाथोडा झिजतो, पण त्याला पाडते ती मधूनच येणारी उसळी. कफ वाढतो, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा होतो, जिना चढताना पूर्वी न थांबणारा माणूस दोनदा थांबतो. ही लक्षणे पुष्कळदा एकदम येत नाहीत, काही दिवस चढत जातात. लंडनमधील एका अभ्यासात २००४ साली असे दिसले की लक्षणे सुरू झाल्यावर लवकर उपचार घेणारे लवकर सावरले, आणि ज्यांनी उसळी कळवलीच नाही त्यांच्यावर इस्पितळात जाण्याची पाळी अधिक आली.

आता आपल्याकडची अडचण पाहा. कशेळे-कडाव भागातील किंवा घाटाच्या पायथ्याच्या गावातील रुग्णाला छातीचा खास डॉक्टर गाठावयाचा, तर बहुधा पनवेल, कल्याण किंवा मुंबईकडे जावे लागते. रुग्णाबरोबर मुलगा जातो, म्हणजे दुकानही बंद. त्यात धो धो पाऊस. मग घरात ठरते, "दोन दिवस पाहू." पण औषधाचा खरा उपयोग असतो तो याच दोन दिवसांत. घरच्या घरी आजारावर नजर ठेवून फोनवरून डॉक्टरांना कळवण्याची पद्धत नेमकी येथे कामाची आहे.

ही पद्धत आपल्याला अगदी नवी नाही. कोरोनाच्या काळात, १५ सप्टेंबर २०२० पासून, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत राज्यभर आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण पाहिले. पुढे अनेकांनी ते यंत्र स्वतःच घेतले. भाव इतके चढले की जुलै २०२१ मध्ये सरकारला ऑक्सिमीटर, नेब्युलायझर यांसारख्या पाच वस्तूंवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आज ते यंत्र कित्येकांच्या कपाटात पडून आहे.

ते बाहेर काढावे आणि एक साधी वही करावी. रोज सकाळी एकाच वेळी, पाच मिनिटे शांत बसून, बोट गार असल्यास चोळून गरम करून, आकडा स्थिर झाल्यावर लिहावा. नखावर गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरे बोट घ्यावे. प्राणवायू, नाडी, कफाचा रंग व प्रमाण, चालताना लागणारा दम आणि पंप किती वेळा घ्यावा लागला, एवढे रकाने पुरेत. समजा, शिळफाट्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याचा नेहमीचा आकडा ९४ आहे. एका सकाळी ९३ आला. एवढ्याने काही बिघडत नाही. पण त्याच दिवशी कफ पिवळा झाला आणि पंप दोनऐवजी पाच वेळा लागला, तर आकड्याकडे न पाहता फोन करावा. लोक येथेच फसतात. यंत्र ठीक दाखवते म्हणून गप्प बसतात. शिवाय सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, असेही अभ्यासांतून दिसले आहे.

नुसते यंत्र घेऊन मात्र काम होत नाही, आणि विक्रेते हे सांगणार नाहीत. स्कॉटलंडमध्ये अशा २५६ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचा निकाल २०१३ साली आला. निम्म्यांच्या घरी रोजची माहिती पाठवणारे यंत्र बसवले, निम्म्यांना तीच वैद्यकीय सेवा यंत्राविना दिली. इस्पितळात जाण्यात फरक पडला नाही. म्हणजे गुण यंत्रापेक्षा मागे उभ्या असलेल्या सेवेचा. म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे: माझा नेहमीचा आकडा कोणता, किती खाली गेल्यास फोन करावयाचा, कोणत्या लक्षणावर कोणते औषध सुरू करावयाचे, आणि केव्हा काहीही न विचारता इस्पितळ गाठावयाचे.

नोंदणीकृत डॉक्टरांनी फोनवर सल्ला देण्याचे नियम मार्च २०२० मध्ये ठरले आहेत. सरकारची ई-संजीवनी सेवाही मोफत आहे. मोबाइल नंबरवर नोंद करून घरूनच डॉक्टरांशी बोलता येते. तेथे दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असे नाही, म्हणून बोलताना वही हाताशी असावी.

एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. काही जण प्राणवायूचे यंत्र भाड्याने आणून आकडा ९८-९९ करण्याच्या मागे लागतात. या आजारात जास्त प्राणवायूने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. प्राणवायू लावावा लागलाच तर सीओपीडीच्या रुग्णासाठी डॉक्टर साधारण ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. ओठ निळे पडणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, बरळणे किंवा अतिझोप आल्यास वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा.

रमजानमध्ये अनेकजण कोणालाही न विचारता पंप बंद करतात आणि ईदच्या आत आजारी पडतात. दिवसातून एकदा किंवा दोनदाच घ्यावयाची औषधे सहेरी-इफ्तारच्या वेळी बसवता येतात. त्यासाठी चांद दिसण्यापूर्वी महिनाभर डॉक्टरांना भेटावे. रोज्यात पंप घ्यावा की नाही आणि रोजा ठेवावा की नाही, हेही त्याच वेळी डॉक्टर आणि मौलवीसाहेब या दोघांना विचारून घ्यावे.

आणि कपाटातले ऑक्सिमीटर काढाल तेव्हा आधी त्याचे सेल पाहा. वर्षानुवर्षे आत राहिलेले सेल गळतात. सेल बदलून घरातल्या धडधाकट माणसाच्या बोटाला लावून पाहा. ९५ च्या वर दाखवले तर वालिदांच्या बोटाला लावा.