तिरप्या ठळक अक्षराची घडण

व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस याने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य हातात सहज मावेल अशा लहान आकारात छापले, तेव्हा फ्रांचेस्को ग्रिफो या कुशल कारागिराने त्यासाठी कोरलेले तिरपे खिळे हे त्या काळच्या दफ्तरांतील व विद्वानांच्या जलद हस्ताक्षराचे धातूतील प्रतिरूप होते. त्या अक्षरांचा कल लिहिणाऱ्या हाताच्या गतीतून आला होता, आणि ती एकांतात, सावकाश वाचण्यासाठी होती. सेरिफ म्हणजे टोकांच्या बारीक आडव्या रेघा. त्या ज्याला नाहीत असे अक्षर छापण्याच्या खिळ्यांत आले ते लंडनच्या चौथ्या विल्यम कॅझ्लनच्या १८१६ च्या सुमाराच्या नमुन्यात, तेही केवळ कॅपिटल अक्षरांपुरते. आणि त्याची पुढील भरभराट झाली ती इश्तिहारांत, दुकानांच्या पाट्यांवर व जाहिरातींच्या मथळ्यांत. इतक्या भिन्न कुळांतील हे दोन गुण, आणि त्यांवर ठळकपणाचा भार, असे तिन्ही एका अक्षरात आणणे हे अक्षरकलेतील अवघड कामांपैकी एक आहे, असे माझे मत आहे.

या प्रकारचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे फ्युचुरा. पॉल रेनर या जर्मन अक्षरकाराची ही निर्मिती फ्रँकफुर्टच्या बाउअर ओतशाळेने १९२७ मध्ये बाजारात आणली. वर्तुळ, त्रिकोण व सरळ रेषा यांवर तिची उभारणी भासते. परंतु बारकाईने पाहिल्यास जेथे वाटोळा भाग उभ्या दांड्याला मिळतो तेथे रेघ किंचित निमुळती केलेली आढळते, कारण तसे न केल्यास त्या सांध्यावर काळा डाग पडल्यासारखा दिसतो. एरिक गिल या अक्षरकाराच्या गिल सॅन्स या टंकात तिरप्या रूपात 'ए' हे लहान अक्षर आपला दुमजली आकार सोडून हस्ताक्षरासारखे एकमजली होते. फ्युचुराने मात्र उभ्या अक्षराचीच आकृती राखून तिला केवळ कल दिला.

'केवळ' हा शब्द येथे फसवा आहे. उभे अक्षर यांत्रिक रीतीने बारा अंशांनी ढकलले, तर उभ्या दांड्याची आडवी मोजलेली रुंदी तीच राहते, परंतु त्याची खरी, काटकोनात मोजलेली जाडी सुमारे दोन टक्क्यांनी घटते. सोळा अंशांवर ही घट चार टक्क्यांच्या आसपास जाते, आणि आडव्या रेघांची जाडी मात्र मुळीच बदलत नसल्याने अक्षराचा तोल बिघडतो. वाटोळ्या अक्षरांची दशा याहून वाईट होते. 'ओ'चे कडे उजवीकडे ढकलताच त्याचा वरचा उजवा व खालचा डावा भाग फुगतो, उरलेल्या दोन बाजू बारीक होतात, आणि कणकेचा गोळा तळहाताखाली सरकावा तसे ते अक्षर चेपलेले दिसते. बारीक रेघांच्या अक्षरात हा दोष डोळ्याला फारसा खुपत नाही, परंतु ठळक अक्षरात शाईच इतकी असते की तो लपवण्यास जागा उरत नाही. म्हणून जाणता अक्षरकार प्रत्येक वळण पुन्हा आखतो, फुगलेला भाग उतरवतो, बारीक झालेल्या भागाला भर देतो आणि अक्षराच्या पोटातील पांढरी जागा मोकळी राखतो. धातूच्या खिळ्यांच्या युगात आणखी एक अडचण होती: खिळ्याचे अंग चौकोनी आणि अक्षर तिरपे, त्यामुळे अंगाबाहेर डोकावणारे टोक छपाईच्या दाबाखाली मोडत असे.

इतक्या श्रमाने सिद्ध झालेले हे अक्षर वापरावे कोठे? दीर्घ मजकुरात ते वाचकास थकवते, कारण ज्या पानावर सर्वच शब्द जोर धरतात तेथे कोणताच शब्द पुढे येत नाही. चार-सहा शब्दांत मात्र त्याला तोड नाही. अमेरिकन चित्रकर्ती बार्बरा क्रूगर हिने नियतकालिकांची पाने रचण्याचा अनुभव घेतल्यावर कृष्णधवल छायाचित्रांवर लाल पट्ट्या ठेवून त्यांत ठळक तिरप्या फ्युचुराची पांढरी अक्षरे योजली, आणि १९८९ मध्ये वॉशिंग्टन येथील स्त्रियांच्या गर्भपातविषयक हक्कांच्या मोर्चासाठी तिने याच रीतीने भित्तिपत्रक केले. लाल रंगावर पांढरे अक्षर छापताना शाई कडांतून आत सरकते, त्यात बारीक अक्षर बुजून जाते. ठळक अक्षर मात्र ही घट सोसून उरते. अक्षराचा कल त्या वाक्याला निकड देतो, जणू ते बोलणारा इसम पुढे झुकला आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या सुप्रीम या कपड्यांच्या दुकानाने हाच थाट आपल्या नाममुद्रेसाठी उचलला. माझ्या दृष्टीने तेथे त्याची निकड गेली आणि केवळ ओळख उरली.

आपल्या देवनागरीस तिरप्या अक्षराची अशी परंपरा नाही. र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या, संगणकांवर सर्वत्र पोहोचलेल्या मंगल या टंकाला साधे व ठळक रूप आहे, तिरपे नाही. तरी कळ दाबताच संगणक ते अक्षर ढकलून देतो, आणि तसे मथळे आपण बिनदिक्कत छापतो. त्यात शिरोरेषा आडवीच राहून आपली पूर्ण जाडी टिकवते, काना मात्र झुकून बारीक होतो. बारा अंशांच्या कलात प्रत्येक खूण शिरोरेषेपासून जितकी वर वा खाली असेल तितक्या अंतराच्या सुमारे पंचमांशाने सरकते. म्हणून वरची मात्रा व रफार उजवीकडे, आणि खालचा उकार डावीकडे जातो, व एकाच अक्षराचे हे अवयव परस्परांपासून दुरावतात. मराठी वृत्तपत्रांसाठी ठळक तिरपी देवनागरी स्वतंत्रपणे आखली जावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या कामाचा आरंभ 'क' आणि 'ह' यांच्यापासून करावा, कारण ठळकपणात यांच्या वळणांतील पोकळी लवकर बुजते. आणि रफाराची जागा सूत्रावर न सोडता प्रत्येक अक्षरावर डोळ्यांनी ठरवावी.