युरोपात ट्रेननं शेजारच्या देशात जाताय? तिकिटाचे पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात, समजून घ्या

जर्मनीतल्या म्युनिकहून ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग ट्रेननं दोन तासांच्या आत येतं. युरोपात शिकणारी मुलं आणि त्यांना भेटायला जाणारे आई-बाबा असे सीमापार प्रवास हमखास करतात. मात्र एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांचे दर वेगवेगळे असू शकतात. असं का होतं?

एकाच गाडीचे दोन दर कसे?

लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्वस्त तिकिटांचा ठरावीक कोटा असतो. तो संपत जाईल तसा दर चढतो, अगदी विमानासारखा. त्यामुळे तारीख ठरली की लगेच बुकिंग करणं फायद्याचं. सीमापार जाणाऱ्या अनेक गाड्या दोन देशांच्या रेल्वे मिळून चालवतात आणि दोघांचे दर वेगळे असू शकतात. म्हणूनच प्राग-बर्लिनसाठी चेक रेल्वे आणि जर्मनीची डॉइच बान, दोन्हींच्या ॲपवर दर पाहा.

स्थानिक तिकीट सीमेपलीकडे चालतं?

काही ठिकाणी चालतं. जर्मनीच्या बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं ‘बायर्न तिकीट’ थेट साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत वैध आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. प्रत्येक वाढीव प्रवाशासाठी थोडी जादा रक्कम द्यावी लागते. सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी ९ नंतरच चालतं.

जर्मनीत राहणाऱ्यांकडचं ‘डॉइचलांड तिकीट’ही साल्झबर्गपर्यंत चालतं. जानेवारी २०२६ पासून त्याचा दर महिना ६३ युरो आहे. दोन्ही तिकिटं फक्त प्रादेशिक गाड्यांसाठी आहेत. आयसीई, आयसीसारख्या वेगवान गाड्यांत चालत नाहीत.

लक्झेंबर्गमध्ये तर २९ फेब्रुवारी २०२० पासून देशांतर्गत सार्वजनिक वाहतूक मोफत आहे, ट्रेनचा दुसरा वर्गही. त्यामुळे शेजारच्या देशातून येताना सीमेपर्यंतच्याच प्रवासाचे पैसे मोजावे लागतात.

पास घ्यावा का?

भारतातून जाणाऱ्यांसाठी ‘युरेल’ आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी ‘इंटररेल’ पास असतो. कमी दिवसांत अनेक देश फिरणार असाल, तर हिशेब जमू शकतो. पण फ्रान्सची टीजीव्ही किंवा युरोस्टार अशा गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात. एक-दोनच प्रवास असतील, तर आगाऊ काढलेली साधी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात.

तिकीट तोडून काढताना सावधान

एका प्रवासाची दोन तिकिटं काढली की कधी कधी दर कमी होतो. पण खरी जोखीम इथेच आहे. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि गाडीला उशीर झाल्यानं पुढची गाडी चुकली, तर तुम्हाला मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार पोहोचायला किमान एक तास उशीर झाल्यास २५ टक्के आणि दोन तास किंवा अधिक झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते. अतिहवामानासारखी अपवादात्मक कारणं त्यातून वगळली आहेत.

तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर हे संरक्षण सहसा मिळत नाही. दुसरं स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असेल, तर ते वाया जातं आणि ऐनवेळी चढ्या दरानं नवं काढावं लागतं. म्हणून दुसरा टप्पा प्रादेशिक गाडीचा असेल आणि हाताशी वेळ असेल, तरच तिकीट तोडा. पुढे परतीचं विमान गाठायचं असेल, तर चार युरो जास्त गेले तरी एकच तिकीट घ्या.