बाणदंड
बाणाचे अग्र व पिसारा यांना जोडणारी सरळ काडी. ती बोरूसारख्या पोकळ वनस्पतींची, मोठ्या लाकडातून फाडून काढलेली किंवा झुडपाच्या कोवळ्या धुमाऱ्याची असते. संस्कृतात ‘शर’ हा शब्द गवत व बाण या दोहोंनाही लावतात, यावरून भारतातील जुनी प्रथा सूचित होते. समशीतोष्ण प्रदेशांत धुमाऱ्यांचाही वापर झाला. धुमाऱ्यात तंतू बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अखंड असतात. त्यामुळे तो बारीक असूनही सहसा मोडत नाही.

आल्प्समध्ये ऑस्ट्रिया-इटली सीमेजवळ १९९१ मध्ये सापडलेल्या ‘ओट्झी’ या हिममानवाच्या (सु. इ. स. पू. ३३००) भात्यात १४ काड्या होत्या. त्या व्हायबर्नम लँटाना या झुडपाच्या असून सु. ८५ सेंमी. लांबीच्या होत्या. त्यांपैकी दोनच पूर्ण बाण होते. उरलेल्या बारा साल काढून ठेवलेल्या, अपुऱ्याच होत्या.

धुमारे पानगळीनंतर, रसाचा प्रवाह मंदावलेला असताना तोडतात. एक-दोन वर्षांचे, फांद्या न फुटलेले व शेंड्याकडे हळूहळू निमुळते होणारे धुमारे निवडतात. ते हव्या त्या मापापेक्षा थोडे लांब व जाड ठेवावे लागतात, कारण सुकताना लाकूड आकसते व टोकांना तडे जातात. टोकांना चरबी वा मेण लावल्यास तडे कमी पडतात. मग घट्ट जुडी बांधून सावलीत सुकवितात. उन्हात घाई केल्यास काड्या वाकतात व चिरतात.

सर्वांत कौशल्याचे काम सरळ करण्याचे. वाकलेला भाग निखाऱ्यांवर, न करपविता, तापवितात. उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते. तेवढ्यात हातांनी वाक काढून काडी थंड होईपर्यंत तशीच धरतात. पावसाळी हवेत वाक पुन्हा येऊ शकतो, म्हणून हे काम एकदाच करून भागत नाही. नंतर काडी खरवडून, खाच पाडलेल्या दोन वालुकाश्मांमध्ये फिरवून गुळगुळीत करतात. जाड टोक बहुधा अग्राकडे ठेवतात. सुटताना काडी धनुष्याला वळसा घालून लवते. म्हणून तिची ताठरता धनुष्याच्या जोराशी जुळावी लागते. एका भात्यातील काड्या सारख्याच ताठर नसतील, तर नेम साधत नाही. नैसर्गिक धुमाऱ्यांची खरी अडचण हीच होय.

कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी (मृ. १९१६) याची पद्धती शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप याने पाहून १९१८ मध्ये प्रसिद्ध केली. तेथील आदिवासी झुडपे मुद्दाम जाळीत किंवा छाटीत. त्यानंतर बुंध्यापासून सरळ धुमारे फुटत. तेथील १८५० च्या कायद्याने गवताळ प्रदेशास आग लावणे दंडनीय ठरविले आणि पुढे वनखात्यांनी आगी दडपल्या. परिणामी झुडपे जुनी, वाकडी व फांदट झाली. बाणांप्रमाणेच टोपल्यांसाठीही चांगल्या काड्या दुर्मिळ झाल्या. अलीकडे कारुक व युरोक जमातींनी अशी नियंत्रित जाळणी पुन्हा सुरू केली असून तिच्यामुळे हेझलच्या सरळ काड्या मिळू लागल्या आहेत.