कात टाकणारी धामण

धामण ही शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार होय, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. परंतु तीच धामण कधीं कधीं मळकट अंगाची व निळसर-पांढुरक्या डोळ्यांची होऊन बांधाच्या दगडांत पडून राहते, आणि जवळ गेल्यास फूत्कार करून तोंड मारते. ती पिसाळली असें समजून पुष्कळ ठिकाणीं तिला काठीनें ठेंचतात. उंदरांचें यासारखें दुसरें भाग्य नाहीं!

वस्तुतः ती कात टाकण्याच्या बेतांत असते. सापास पापण्या नसतात; डोळ्यावर पारदर्शक खवला असतो व तोहि कातीबरोबर निघतो. जुन्या व नव्या त्वचेमध्यें द्रव सांचला म्हणजे डोळा गढुळतो, अंधुक दिसूं लागतें, खाणें सुटतें. अशा स्थितींत ती भिऊन चावावयास येणारच. कांहीं दिवसांनीं डोळा निवळतो. मग खडबडीत दगडावर तोंड घांसून ती कात पायमोज्यासारखी उलटी करून सोडते. ताणल्यामुळें कात सापाहून लांब भरते. तेव्हां कातीवरून सापाची लांबी सांगणाऱ्यांचें ऐकून घ्यावें, इतकेंच.

बांधाचा तेवढा भाग आठ-पंधरा दिवस तसाच राहूं द्यावा. अर्धवट सुटलेली कात ओढूं नये. खालची त्वचा कोवळी असते. घरीं आणून जोपासण्याची दयाहि नको, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें धामण पकडणें वा पाळणें गुन्हा आहे. शिवाय नागाचीहि हीच अवस्था होते, व मळकट अंगावरून दुरून ओळख पटत नाहीं. म्हणून त्या दिवसांत तेथील दगड हातानें उचलूं नयेत.